एचसीसी कोडिंगमध्ये यायचंय तर आधी निदान करायची सवय सोडावी लागेल

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बीएचएमएस होऊन दोन वर्षं झाली, साताऱ्यात एका नर्सिंग होममध्ये आरएमओ म्हणून रात्रपाळी करतेय, पगारात हातातोंडाची गाठ कशीबशी पडते, मैत्रीण ऐरोलीला मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या नोटा वाचून आजारांना ठरलेले कोड द्यायच्या कामात आहे, ती म्हणते रिस्क अ‍ॅडजस्टमेंटला, म्हणजेच एचसीसी कोडिंगला ये. तर यात खरंच करिअर होतं का, सीपीसी करू का सीआरसी (दोन्ही कोडिंगची सर्टिफिकेटं), आणि एआयमुळे दोन वर्षांत ही नोकरीच गेली तर काय करायचं.

मी २०१३ पासून याच कामात आहे, आधी कोडर, मग ऑडिटर, आता ऑडिट आणि नव्या मुलांचं ट्रेनिंग दोन्ही बघते, आणि मीही बीएचएमएसच. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे हे काम कुणाचं आणि कशासाठी चालतं ते समजून घ्या, बरेच क्लासवाले हे सांगतच नाहीत, थेट कोड पाठ करायला बसवतात. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या लोकांसाठी सरकारचा मेडिकेअर आहे. त्यातले निम्म्याहून जास्त लोक आता मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये आहेत, म्हणजे त्यांचा विमा खाजगी कंपनी चालवते आणि सरकार त्या कंपनीला दर माणशी दर महिन्याला ठराविक रक्कम देतं. आता सगळ्यांसाठी एकच रक्कम दिली तर कंपनी ठणठणीत म्हातारे गोळा करणार आणि आजारी माणसाला टाळणार, हे उघड आहे. म्हणून १९९७ च्या कायद्याने सांगितलं की पेशंट किती आजारी आहे त्यावर रक्कम कमी-जास्त करा, आणि २००४ पासून त्यासाठी सीएमएस-एचसीसी मॉडेल लागू झालं. सीएमएस म्हणजे मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं, एचसीसी म्हणजे पैसे मोजण्यासाठी पाडलेले आजारांचे गट. पेशंटचं वय, लिंग वगैरेचा एक आकडा, त्यात प्रत्येक मोठ्या आजाराचा एकेक आकडा मिळवायचा, बेरीज आली तो रिस्क स्कोअर. एकाच जातीच्या आजारांची उतरंड असते, वरचा गंभीर आजार मिळाला की खालचे मोजत नाहीत.

एक हिशोब करून दाखवते म्हणजे डोक्यात बसेल. ७४ वर्षांची बाई, स्वतःच्या घरी राहणारी, मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) नसलेली. या मॉडेलच्या आत्ता चालू असलेल्या व्ही२८ आवृत्तीमध्ये तिच्या डायबिटीसचे ०.१६६, हार्ट फेल्युअरचे ०.३६०, आणि दोन्ही एकत्र असल्याचे वर ०.११२, झाले ०.६३८. हिशोबापुरता मूळ दर महिना १००० डॉलर धरा, बाकी वजावट बाजूला ठेवा, तर या दोन आजारांमुळे महिन्याला ६३८ आणि वर्षाला ७६५६ डॉलर जास्त जातात. आता त्या बाईच्या चार्टमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या नोटांच्या फाइलमध्ये, हार्ट फेल्युअर नुसतंच जुन्या यादीत पडून असेल, डॉक्टरने वर्षभरात त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नसेल आणि तुम्ही तो कोड दिला, तर यातले ५६६४ डॉलर तुमच्या एका क्लिकने सरकारी तिजोरीतून चुकीचे गेले. उलट डॉक्टरने नीट लिहिलंय आणि तुम्ही मिस केलं तर तिच्या उपचाराला लागणारे पैसे आलेच नाहीत. ही जबाबदारी मी नव्या बॅचला पहिल्या दिवशीच सांगते, कारण ऐरोलीत बसून पीडीएफ स्क्रोल करताना ती बाई दिसत नाही.

आणि हे दरवर्षी नव्याने करायचं असतं. १ जानेवारीला पाटी कोरी. मागच्या वर्षी पाय कापलाय हे नोंदवलं म्हणून यंदा आपोआप धरत नाहीत, यंदाही कुठल्या तरी व्हिजिटमध्ये डॉक्टरने लिहायला हवं तेव्हाच झेड८९ चा कोड देता येतो. नव्या मुलांना हे फार विचित्र वाटतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्यासारख्या बीएचएमएस, बीएएमएसवाल्यांना या फील्डमध्ये सहज घेतात कारण अ‍ॅनाटॉमी, पॅथॉलॉजी, औषधांची नावं आपल्याला माहीत असतात, बीएस्सीवाल्या मुलांना ज्याला दोन महिने लागतात ते आपल्याला आठवड्यात जमतं. पण तीच गोष्ट पुढे नडते. पाच वर्षं आपल्याला शिकवलेलं असतं की लक्षणं बघ, रिपोर्ट बघ आणि निदान कर. इथे निदान करायचं नाही. ते फक्त डॉक्टरचं काम, आपण डॉक्टरने काय लिहिलंय तेवढंच वाचायचं. ऐकायला सोपं वाटतं पण मला स्वतःला ही सवय मोडायला वर्ष लागलं.

उदाहरण देते. चार्ट ३१२ पानांचा, फॅमिली फिजिशियनच्या तीन व्हिजिट. लॅबमध्ये ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ४१, चार महिन्यांनी ३८, मग ३६. पेशंटला डायबिटीस आहे, डॉक्टरने मेटफॉर्मिनचा डोस कमी केलाय, लिहिलंय "किडनीसाठी पाणी भरपूर प्या, पेनकिलर टाळा". तुम्हाला मला स्पष्ट दिसतंय की हा सीकेडी स्टेज ३बी आहे. पण संपूर्ण चार्टमध्ये "सीकेडी" किंवा "क्रॉनिक किडनी डिसीज" हे शब्दच नाहीत. कोड देता येत नाही. एन१८.३२ (सीकेडी ३बी) नाही, ई११.२२ (डायबिटीससोबतचा सीकेडी) पण नाही. लॅबच्या आकड्यावरून कोडरने स्टेज ठरवायची नाही, प्रोजेक्टमध्ये सोय असेल तर डॉक्टरला क्वेरी पाठवायची आणि पुढे जायचं. माझ्या बॅचमधला प्रत्येक बीएचएमएस मुलगा-मुलगी या चार्टवर माझ्याशी भांडतो, "मॅडम, पण आहे ना सीकेडी!" आहे रे बाबा, पण लिहिलेलं नाही.

आता याच्या उलट बघा. त्याच चार्टमध्ये डॉक्टरने एका ओळीत "टाइप टू डायबिटीस, स्टेबल" आणि चार ओळी खाली "सीकेडी ३बी, नेफ्रॉलॉजीकडे पाठवतोय" असं वेगवेगळं लिहिलं असेल, दोघांचा संबंध कुठेच जोडला नसेल, तरी आपण ई११.२२ आणि एन१८.३२ देतो. कारण आयसीडी, म्हणजे आजारांच्या कोडची जी यादी, तिच्या गाइडलाइनमध्ये "विथ" या शब्दाचा नियम आहे, की इंडेक्समध्ये "विथ" खाली आलेले आजार एकमेकांशी जोडलेले धरायचे, डॉक्टरने स्वतः संबंध नाही असं लिहिलं नसेल तोपर्यंत. म्हणजे पहिल्या चार्टमध्ये जे ढळढळीत दिसत होतं ते द्यायचं नाही आणि दुसऱ्यात जे डॉक्टरने जोडलंच नाही ते जोडायचं. क्लिनिकल अक्कल बाजूला ठेवून नियम वाचावा लागतो तो असा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. २०१६ साल, मी नुकतीच ऑडिटर झाले होते. एका प्रोव्हायडरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ऑफिस व्हिजिटच्या असेसमेंटखाली "सेरेब्रल इन्फार्क्शन, आय६३.९" असं, म्हणजे आत्ता चालू असलेला स्ट्रोक, छापून यायचं, सोबत "अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन चालू ठेवा". असेसमेंटमध्ये आहे, औषध आहे, म्हणून कोडरने आय६३.९ दिला आणि मी तो बरोबर म्हणून सोडला, एक नाही, नऊ चार्ट. पुढच्या पानावर हिस्टरीमध्ये "सीव्हीए २०११, नो डेफिसिट" लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी झालेला स्ट्रोक आज दवाखान्यात चालत आलेल्या माणसाला चालू कसा असेल? तिथे झेड८६.७३, म्हणजे होऊन गेलेला स्ट्रोक, एवढाच कोड येतो आणि त्याला एचसीसी नाही. एका बाजूची कमजोरी राहिली असती तर आय६९ मधला कोड आला असता, तो मोजला जातो. क्लायंटच्या ऑडिटमध्ये नऊच्या नऊ परत आले. मला कुणी ओरडलं नाही पण त्या रात्री मी घरी येऊन ते नऊ चार्ट डोक्यात पुन्हा पुन्हा वाचत होते. तेव्हापासून कॅन्सर, स्ट्रोक, हार्ट अटॅक, डीव्हीटी (पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ) यातलं काहीही दिसलं की आधी तारीख शोधते. कॅन्सरमध्ये तर ट्रीटमेंट चालू आहे का संपून नुसतं फॉलोअप चाललंय यावर सगळा खेळ आहे, ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटला अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर ते कॅन्सरसाठी आहे का पुन्हा होऊ नये म्हणून आहे हे डॉक्टरच्या वाक्यात शोधावं लागतं.

क्लासमध्ये तुम्हाला "मीट" शिकवतील, मॉनिटर, इव्हॅल्युएट, असेस, ट्रीट, यातलं काहीतरी एक सापडलं की कोड द्या म्हणून. उपयोगी आहे, पण हा शब्द इंडस्ट्रीने बनवलेला आहे, सीएमएसच्या नियमात तो नाही. मूळ नियम आयसीडीच्या ऑफिशियल गाइडलाइनच्या चौथ्या सेक्शनमध्ये आहे, की व्हिजिटच्या वेळी असलेला आणि उपचारावर परिणाम करणारा प्रत्येक लिहिलेला आजार कोड करा. त्याच सेक्शनमध्ये हेही आहे की ओपीडीत "प्रोबेबल", "सस्पेक्टेड", "रूल आउट" लिहिलेलं कोड करायचं नाही, आणि दुसऱ्या सेक्शनमध्ये भरती पेशंटसाठी बरोबर उलटा नियम आहे. ही गाइडलाइन पीडीएफमध्ये फुकट मिळते, शंभरेक पानांची आहे. हजारो रुपये भरून क्लास लावायच्या आधी ती तीनदा वाचा, मी अजूनही दर ऑक्टोबरला नवी आली की वाचते.

आता याचा करिअरशी काय संबंध. २०२४ मध्ये व्ही२४ जाऊन व्ही२८ यायला लागलं, पहिल्या वर्षी ३३ टक्के, मग ६७, आणि २०२६ मध्ये पूर्ण. व्ही२४ मध्ये पैसे देणारे ८६ गट होते ते ११५ झाले, पण त्यांच्यात बसणारे कोड मात्र साधारण ९८०० वरून ७८०० च्या आत आले. अंजायना गेला, पायाच्या शिरांचा साधा अथेरोस्क्लेरोसिस गेला, माइल्ड डिप्रेशन गेलं. डायबिटीसला आधी कॉम्प्लिकेशन असेल तर ०.३०२ आणि नसेल तर ०.१०५ मिळायचे, आता दोन्हीला सारखेच ०.१६६. ज्या कोडरनी इतकी वर्षं फक्त "कोणता कोड पैसे देतो" याची यादी पाठ केली होती ते त्या वर्षी अक्षरशः चाचपडले, आणि ज्यांना चार्ट वाचता येत होता त्यांना काहीच फरक पडला नाही, कारण चार्ट वाचायची पद्धत तीच राहिली. २०१५ मध्ये आयसीडी-९ चे चौदा हजार कोड जाऊन आयसीडी-१० चे जवळपास सत्तर हजार आले तेव्हाही मी हेच बघितलं होतं.

एआयबद्दल. आमच्याकडे बऱ्याच प्रोजेक्टमध्ये चार्ट उघडला की कोड आधीच पिवळे होऊन येतात, मशीनने वाचलेले असतात, आणि आपण हो किंवा नाही म्हणायचं. साधा चार्ट, जिथे सगळं स्वच्छ लिहिलंय, तो मशीन आपल्यापेक्षा लवकर करतं, यात वाद नाही. तेवढंच येणाऱ्या माणसाची गरज कमी होणार, हे तुम्हाला स्पष्ट सांगते, उगाच धीर देत नाही. पण गेल्या वर्षी माझ्याकडे आलेला एक चार्ट बघा. डोळ्याच्या डॉक्टरची नोट, त्यात "पीव्हीडी, दोन्ही बाजू", आणि मशीनने पिवळा केला आय७३.९, पेरिफेरल व्हॅस्क्युलर डिसीज. डोळ्याच्या नोटमध्ये पीव्हीडी म्हणजे पोस्टीरियर व्हिट्रियस डिटॅचमेंट, डोळ्यातला जेलीसारखा भाग सुटणं, उतारवयात कित्येकांना होतं, त्याचा पायाच्या शिरांशी काही संबंध नाही. कोडरने मशीनवर भरवसा ठेवून हो म्हटलं होतं. तसंच "एमएस", न्यूरोलॉजिस्टने लिहिलं तर मल्टिपल स्क्लेरोसिस, कार्डिऑलॉजिस्टने लिहिलं तर मायट्रल स्टेनोसिस, आणि औषधांच्या यादीत मॉर्फिन सल्फेट. शिवाय कॉपी-पेस्ट केलेल्या नोटा असतात, तीन वर्षं तोच परिच्छेद, त्यात दिलेला "आजचा" न्यूमोनियासुद्धा तोच. हे कुणीतरी माणसानेच पकडायचं आहे, आणि का नाही म्हटलं ते दोन ओळीत लिहूनही द्यायचं आहे.

त्या दोन ओळींवर माझ्या मते या फील्डमधलं सगळं करिअर उभं आहे. कोडर म्हणून दिवसाला इतके चार्ट, ९५ टक्के क्वालिटी, हे टार्गेट सगळे गाठतात हो. पण ऑडिटरने एरर काढली की रिबटल लिहावा लागतो, तिथे "मला असं वाटलं" चालत नाही, कोणत्या पानावर काय लिहिलंय आणि गाइडलाइनचा कोणता मुद्दा लागू होतो हे मोजक्या इंग्रजीत सांगावं लागतं. ज्यांना ते जमतं ते दीड-दोन वर्षांत क्यूएला, म्हणजे इतर कोडरचं काम तपासायला जातात, मग ऑडिट, ट्रेनिंग, काही जण सीडीआयमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी नीट लिहावं म्हणून त्यांच्या नोटा तपासून क्वेरी पाठवणं, आणि काही जण आरएडीव्हीच्या कामात. आरएडीव्ही म्हणजे सरकार विमा कंपनीला विचारतं की या पेशंटचा हा आजार दाखवून पैसे घेतलेत ना, दाखवा चार्ट. तिथे सही नसलेली नोट, डॉक्टरची डिग्री नसलेली सही, चुकीची तारीख, नुसता एक्सरेचा रिपोर्ट, यातलं काहीही आलं की कोड पडतो आणि पैसे परत. मे २०२५ मध्ये सीएमएसने जाहीर केलं की सगळ्या पात्र कॉन्ट्रॅक्टचं दरवर्षी ऑडिट करू आणि त्यासाठी त्यांच्याकडचे कोडर ४० वरून जवळपास २००० करू. तिकडे असं वातावरण असताना इकडच्या कंपन्यांना चुकीचे कोड शोधून काढणारी माणसं लागणारच. नुसते कोड वाढवून देणारा प्रोजेक्ट आणि चुकीचे काढूनही टाकणारा प्रोजेक्ट यात निवड करता आली तर दुसरा घ्या, पाच वर्षांनी फरक कळेल.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. कधी कुणी टीएल (टीम लीडर) म्हणाला की "थोडं अ‍ॅग्रेसिव्ह कोड करा, क्लायंटला आवडतं", तर ते करू नका, आणि गाइडलाइन लेखी मागा. मी एका ठिकाणी असं ऐकलंय आणि ती नोकरी सोडली आहे, घरी ईएमआय चालू असताना. खोट्या डायग्नोसिसवर सरकारी पैसे घेणं अमेरिकेत फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टखाली येतं, त्यात कोट्यवधी डॉलरची सेटलमेंट झालेली आहेत. पण कायद्यापेक्षाही, त्या पेशंटच्या नावावर नसलेला आजार चिकटतो आणि पुढचा डॉक्टर तो खरा समजून वाचतो, हे मला सहन होत नाही.

सीपीसी का सीआरसी? तुम्हाला रिस्क अ‍ॅडजस्टमेंटलाच यायचं असेल तर सीआरसी, एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरांच्या संस्थेची. १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के. सीपीसीत निम्मं लक्ष सीपीटीवर म्हणजे प्रोसिजरच्या कोडवर जातं, जे एचसीसीत लागत नाही, आणि नव्या माणसाला नावापुढे अप्रेंटिसचा "ए" लागतो तो वेगळाच. पण फी डॉलरमध्ये असते, म्हणून माझा सल्ला असा की आधी नोकरी, मग सर्टिफिकेट. ऐरोली, पुणे, तसंच चेन्नई, हैदराबाद, बंगळूर इथे लाइफ सायन्सच्या फ्रेशरना घेऊन आत ट्रेनिंग देणाऱ्या कंपन्या आहेत, सहा-आठ महिने रोज चार्ट वाचलेत की परीक्षा खूप सोपी जाते, आणि काही कंपन्या फीसुद्धा परत देतात. पगार सुरुवातीला कमीच असेल, मला २०१३ मध्ये हातात चौदा हजार यायचे. जो कुणी "पैसे भरा, ऑफर लेटर नक्की" म्हणेल त्याच्या दारातून परत फिरा. बॉन्ड असेल तर सही करायच्या आधी घरी आणून वाचा.

कामाची जागा कशी असते तेही माहीत असू द्या. फोन लॉकरमध्ये, फ्लोअरवर पेन-कागदसुद्धा नाही, कारण पेशंटची माहिती हिपा कायद्याखाली येते. दिवसभर स्क्रीन, मानेचा आणि डोळ्यांचा त्रास बहुतेकांना होतो, तासाला उठायची सवय पहिल्या महिन्यापासूनच लावा. डेटा सबमिट करायच्या मुदती जानेवारी, मार्च आणि सप्टेंबरला येतात, त्याच्या आधी शनिवार-रविवार जातात, आणि सप्टेंबर म्हणजे नेमका गणपतीच्या आगेमागे, हे घरी आधीच सांगून ठेवा. मुदत संपली की काही प्रोजेक्ट बंद पडतात आणि माणसं दुसरीकडे टाकतात, तेव्हा घाबरू नका.

घरच्यांचं म्हणाल तर "डॉक्टर होऊन कम्प्युटरवर बसतेस?" हे मी चार वर्षं ऐकलं. माझे वडील तालुक्याच्या गावी मास्तर होते, त्यांना वाईट वाटायचं. मग एकदा मी त्यांना एक चार्ट, खरा नाही, ट्रेनिंगसाठी बनवलेला, समोर बसवून समजावून सांगितला, कुठे काय लिहिलंय आणि मी कोड का दिला नाही. शांतपणे ऐकून म्हणाले, म्हणजे तू पेपर तपासतेस. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही रात्रपाळी सोडायच्या आधी एक करा. नर्सिंग होममध्ये रोज केसपेपर हाताखालून जातात, ते बाहेर न्यायचे नाहीत, तिथेच वाचताना फक्त स्वतःला विचारा की डॉक्टरने निदान लिहिलंय का नुसती औषधं लिहिलीत, आजार चालू आहे का जुना, तारीख आणि सही आहे का. महिनाभर असं वाचून बघा. त्यात मन रमलं तर या. कंटाळा आला तर हे काम रोज आठ तास होणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. आणि आयसीडीचं पुस्तक घ्याल तर चालू वर्षाचंच घ्या, सेकंडहँड जुनं स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, दर १ ऑक्टोबरला कोड बदलतात, २०२४ च्या ऑक्टोबरला लठ्ठपणाचेच नवे कोड आले, ई६६.८१३ वगैरे, ते जुन्या पुस्तकात सापडणारच नाहीत.